हुकूमनामा पोळ्याला आला, तारीख मात्र आखाजीआधीची

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या दिवाणी न्यायालयांचा कारभार पाहणारे सर्व माननीय न्यायाधीश महोदय,
आणि याच न्यायालयांत वकिली करणारे बंधू-भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. ‘प्राथमिक’ या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगायला नको, असं मला वाटायचं. प्राथमिक म्हणजे सुरुवातीचं. चौथीत पोराचा भागाकार कच्चा राहिला तर पाचवीत पक्का करून घेता येतो, त्याच्यासाठी कुणी शाळेचा दरवाजा बंद करत नाही. तुमच्याकडे मात्र वाटपाच्या दाव्यात ‘प्राथमिक हुकूमनामा’ नावाचा एक कागद असतो, आणि त्यात जे ठरलं त्याला तीस दिवसांत हरकत घेतली नाही तर पुढे जन्मभर घेता येत नाही, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तेही मुदत उलटून सव्वादोन वर्षं झाल्यावर.

अपिलाला उशीर झाला म्हणून केलेल्या माझ्या विलंब माफीच्या अर्जावर सुनावणी चालू आहे. त्यात कोण बरोबर, कोण चूक याबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. ते कोर्टासमोर बोलायचं. माझे वकील, माझं तालुक्याचं कोर्ट, माझे भाऊ, कुणाचंही नाव या पत्रात येणार नाही. नाव घेऊन कुणाला खाली पाहायला लावण्यासाठी हे लिहीत नाही. गप्प बसायचं असंच ठरवलं होतं. पण गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि राहवलं नाही.

तारखेला गेले होते. नंबर लागायला वेळ होता म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शेजारी पंचविशीतली एक बाई, मांडीवर पोर, हातात निकालपत्राची झेरॉक्स. नवरा वारला, दिरांवर वाटपाचा दावा केला होता. घरात हिस्सा मिळाला, एका गटात मिळाला, विहिरीच्या गटात मात्र नाही. मी शिक्षिका आहे हे तिला कुठून कळलं कोण जाणे, पण तिनं विचारलं, “बाई, निकाल लागना ना, मंग आते काय करानं?”

मी म्हटलं, वकील काय म्हणाले?

“प्राथमिक शे म्हने. घाई नही.”

मी कागद हातात घेऊन तारीख पाहिली. एकविसावा दिवस होता. तिच्या पोराला मी घेतलं आणि तिला तशीच उठवून नकलेच्या खिडकीवर नेलं. अर्ज तिथल्या तिथे लिहिला, तिनं अंगठा नाही, सही केली, पावती घेतली. त्या पावतीचं मोल काय, हे तिला तेव्हा समजलं नसेल. मला समजतं, कारण माझ्याकडे ती नव्हती.

आता माझी हकीकत थोडक्यात. माझं माहेर तापीकाठचं. वडिलांच्या मागे दोन गट आणि गावठाणातलं धाब्याचं घर. एक गट कोरडवाहू, कापसाचा. दुसरा नदीच्या बाजूचा, केळीचा. आम्ही दोघी बहिणी, दोन भाऊ. खान्देशात बहिणीनं हिस्सा मागणं म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. हक्कसोड पत्रावर सही करणारी ती शहाणी आणि न करणारी ती भावाच्या मुळावर उठलेली. दावा लावला त्या वर्षापासून आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, मूळ आलं नाही. सासुरवाशिणीला आखाजीला माहेरचं बोलावणं येऊ नये, हे दुःख गट नंबरात मोजता येत नाही, म्हणून ते बाजूला ठेवते.

नऊ वर्षांनी, आखाजीच्या आठ दिवस आधी, निकाल लागला. दावा अंशतः मंजूर. कापसाच्या गटात आणि घरात आम्हा चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश. केळीच्या गटापुरता दावा फेटाळला. तो गट एका भावाचा एकट्याचा धरला. मोबाईलवर पाहिलं तर दाव्यापुढे ‘निकाली’. वकीलसाहेब म्हणाले, “ताई, अभिनंदन. हा प्राथमिक हुकूमनामा आहे. अजून अंतिम व्हायचाय. केळीच्या गटाचं तेव्हा बघू.” ते सज्जन गृहस्थ आहेत. फीसाठी त्यांनी मला कधी अडवलं नाही. त्यांना फसवायचं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती, मी दुसरीकडे तक्रार केली असती. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, आणि अडचण नेमकी तीच आहे.

तिसऱ्या दिवशी मी नकलेसाठी गेले. खिडकीवरच्या भाऊंनी सांगितलं, हुकूमनामा अजून बांधलेला नाही, चार दिवसांनी सुट्ट्या लागतात, सुट्टीनंतर या. अर्ज घेतलाच नाही. मीही आग्रह धरला नाही. निम्म्या जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन गेल्यावर गेले, तेव्हा अर्ज दिला. हुकूमनाम्याचा कागद हातात पडला पोळ्याच्या सुमारास. आणि त्यावर तारीख? निकालाची. आखाजीच्या आठ दिवस आधीची. मला वाटलं कारकुनाची चूक असेल. चूक नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ७ प्रमाणे हुकूमनामा कधीही लिहिला तरी त्यावर तारीख निकाल सांगितल्याच्या दिवसाचीच पडते.

हे सगळं मला कुणी शिकवलं असेल तर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं. ती आता उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात वकिली करते. एका रविवारी ती माझ्या ओट्यावर बसली आणि चौथीच्या पोरांना मी शिकवायचे तसं तिनं मला शिकवलं. चुकलं तर पुन्हा म्हणायला लावलं. जे मी शिकले ते इथे मांडते. तुम्हा मंडळींना ते पाठ आहे, हे मला माहीत आहे. पण हे पत्र तुमच्याबरोबर आणखी लोक वाचणार आहेत.

न्यायाधीश कारणं लिहून जे सांगतात ते निकालपत्र. त्यावरून कोर्टाचं कार्यालय जो औपचारिक कागद बांधतं तो हुकूमनामा. अपील निकालपत्रातल्या कारणांवर होत नाही, हुकूमनाम्यावर होतं. १९०८ च्या संहितेच्या कलम २(२) मध्ये हुकूमनाम्याची व्याख्या आहे : पक्षकारांचे हक्क जिथे निर्णायकपणे ठरतात तो हुकूमनामा. तो प्राथमिक असू शकतो किंवा अंतिम. दावा पूर्ण निकाली निघायला अजून काही काम बाकी असेल तर प्राथमिक. म्हणजे बाकी काय असतं? काम बाकी असतं. हक्क बाकी नसतो. मला चौथा हिस्सा आहे की नाही हे ठरून गेलं. भिंत कुठून घालायची तेवढं राहिलं. आणि जे ठरलं, त्याच्यापुरता हा कागद शेवटचा. कलम ९७ अगदी स्वच्छ सांगतं : प्राथमिक हुकूमनाम्यावर ज्यानं अपील केलं नाही, त्याला अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात त्याचा खरेखोटेपणा काढता येणार नाही.

माझ्या बाबतीत तर गोष्ट याहून साधी होती. केळीच्या गटापुरता दावा फेटाळलाच होता. फेटाळलेल्या गोष्टीत पुढे काय काम बाकी असणार? तिथे ‘प्राथमिक’ काहीच नव्हतं. पण एकाच कागदावर एक गट मिळाला, एक फेटाळला, घराचं वाटप व्हायचं, आणि सगळ्याला मिळून नाव एकच. बाईमाणसानं काय समजायचं? बाईमाणूस सोडा, वकिलानं काय समजायचं?

गुंता इथे संपत नाही. सरकारसारा भरणाऱ्या शेतजमिनीचं वाटप कोर्ट स्वतः करत नाही. कलम ५४ प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली शुभकरण बुबना विरुद्ध सीताशरण बुबना या निवाड्यात सांगितलं की अशा जमिनीच्या बाबतीत कोर्टानं हिस्से ठरवून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचा एकच हुकूमनामा करायचा असतो. ‘प्राथमिक’ आणि ‘अंतिम’ असे दोन टप्पे लागतात ते मुख्यतः घरा-वाड्यासारख्या मिळकतीला, जिथे कोर्ट कमिशनर पाठवून भिंती मोजाव्या लागतात. म्हणजे माझ्या एकाच निकालपत्रात घरासाठी प्राथमिक हुकूमनामा होता, कापसाच्या गटासाठी एकमेव हुकूमनामा होता, आणि केळीच्या गटासाठी सरळ फेटाळणी होती. तीन गोष्टी. शेवटच्या पानावर त्यातली एकही नाव घेऊन लिहिलेली नव्हती.

‘प्राथमिक म्हणजे कच्चा’ ही समजूत मूर्खपणातून आलेली नाही, हेही मला कबूल केलं पाहिजे. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा प्राथमिक हुकूमनामा खरंच बदलला. मुलींच्या हक्कावर सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निवाडा आला तेव्हा त्यांच्या दाव्यात अंतिम हुकूमनामा व्हायचा होता. कायद्यातल्या दुरुस्तीचा फायदा अंतिम हुकूमनामा होईपर्यंत घेता येतो, हे गंडुरी कोटेश्वरम्मा प्रकरणात २०११ सालीच ठरलं होतं. त्यांचा हिस्सा वाढला. पेढे वाटले. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं धडा घेतला की प्राथमिक हुकूमनामा बदलतो. बदलतो, पण मध्येच कायदा बदलला किंवा एखादा हिस्सेदार वारला तर. न्यायाधीशांचं चुकलं असं आपलं म्हणणं असेल, तर त्यासाठी अपील हीच वाट, आणि ती वेळेत. एकाच कागदाला या दोन बाजू आहेत. हे न सांगता नुसतं ‘प्राथमिक’ म्हणून पाठवणं म्हणजे पोराला अर्धाच पाढा शिकवून परीक्षेला बसवणं.

आता माझी गाऱ्हाणी. मोठी आधी सांगते.

‘नंतर या’ हे दोन शब्द तुमच्या खिडक्यांवरून रोज किती वेळा उच्चारले जातात? त्याची किंमत ऐका. मुदत कायदा, १९६३. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. कलम १२ ची सवलत अशी की नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते यातून वजा होतात. पण कधीपासूनचे? नकलेचा अर्ज दिल्यापासूनचे. त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की अर्ज देण्याआधी कोर्टानं हुकूमनामा बांधायला कितीही वेळ घेतला तरी तो वजा होणार नाही. म्हणजे खिडकीनं मला ‘नंतर या’ म्हटलं त्या दिवशी माझा अर्ज घेतला असता तर पोळ्यापर्यंतचे दिवस माझ्या पदरात पडले असते. अर्ज घेतला नाही, म्हणून एकही पडला नाही. हुकूमनामा उशिरा बांधला तुमच्या कार्यालयानं, दिवस कापले माझे. आणि याला लेखी पुरावा शून्य, कारण ‘नंतर या’ची पावती मिळत नाही.

बरं, हुकूमनाम्यासाठी थांबायचीही गरज नव्हती! संहितेत हे सगळं २००२ पासून लिहिलेलं आहे. आदेश २०, नियम ६अ म्हणतो की हुकूमनामा निकालापासून पंधरा दिवसांत बांधला पाहिजे, आणि तो नसला तरी नुसत्या निकालपत्राच्या नकलेवर अपील दाखल करता येतं. नियम ६ब म्हणतो की निकाल सांगितल्यावर लगेच पक्षकारांना पैसे भरून प्रती मिळाल्या पाहिजेत. पंधरा दिवस कुठे आणि पोळा कुठे! सर्वोच्च न्यायालयानं तर १९६० सालीच, जगत धीश भार्गव यांच्या प्रकरणात, कार्यालयानं हुकूमनामा न बांधल्याची शिक्षा पक्षकाराला देऊ नये असं म्हटलं होतं. माझा जन्मही तेव्हाचाच. आम्ही दोघी एकाच वयाच्या, मी आणि ही गैरसोय.

दुसरं गाऱ्हाणं उन्हाळी सुट्टीचं. “सुट्टीचे दिवस धरत नाहीत, ताई,” हे मला एकानं नाही, तिघांनी सांगितलं. त्यात एक काळा कोटवाला होता. धरतात. मुदत कायद्याच्या कलम ४ मध्ये एवढंच आहे की मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील घेतात. मधले दिवस भुसावळच्या मे महिन्यासारखे सावकाश पण नक्की सरत असतात. सुट्टीनंतर आठवडाभरानं गेलेली बाई ही उशिरा गेलेली बाई असते.

तिसरं. घराच्या वाटपासाठी आम्हाला पुन्हा वेगळा अर्ज करायला लावला. त्या अर्जाला नंबर मिळायला आठ महिने गेले. २०२२ साली कट्टुकंडी एडाथिल कृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर खालच्या कोर्टानं वेगळ्या अर्जाची वाट न पाहता आपण होऊन प्रकरण पुढच्या कामासाठी बोर्डावर लावावं. ही रीत आमच्या वेळीच असती तर माझं लक्ष आधीच वेधलं गेलं असतं. कमिशनर घर मोजायला आला तेव्हा मी केळीच्या गटाचं विचारलं, तेव्हा त्यानं मान हलवली, “बाई, माझ्या कागदात तो गटच नाही.” मोजणीवाल्यांनीही तेच सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. सव्वादोन वर्षांनी मला कळलं ते असं, टेप घेऊन आलेल्या माणसांकडून.

चौथं भाषेचं आहे, आणि ते माझं स्वतःचं नाही. मला इंग्रजी वाचता येतं. तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ सालची आहे. त्याच वर्षी नंदुरबार जिल्हा झाला. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून पावरी नाहीतर भिली बोलणारा माणूस नंदुरबारला येतो, मराठी हीच त्याची दुसरी भाषा, आणि निकालाचा शेवटचा आदेश त्याच्या हातात पडतो तिसऱ्या भाषेत. अपिलाची मुदत त्याला कोण सांगणार? एसटीचा कंडक्टर?

आणखी एक बारीकसं : अपील दाखल केलं की आपोआप स्थगिती मिळते, असं आमच्याकडे अर्धा गाव समजतो. मिळत नाही, वेगळी मागावी लागते. दावा गैरहजेरीत काढून टाकला तर त्यावर अपील नसतं, तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज करायचा असतो. आणि दाव्याची अर्जीच नामंजूर झाली तर तो कागद दिसायला साधा हुकूम, पण कायद्यानं हुकूमनामा, त्यावर अपील असतं. कुठला कागद कुठल्या जातीचा, हे ओळखायला पक्षकारानं काय ज्योतिषाकडे जायचं?

मी हे एका ज्येष्ठ वकिलांकडे बोलले, तेव्हा त्यांनी दोन आक्षेप घेतले. त्यांना उत्तर देणं भाग आहे.

पहिला : न्यायाधीशाचं काम निर्णय देणं, सल्ला देणं नाही, अपिलाचं सांगणं वकिलाचं काम. मान्य. पण माहितीचा अधिकार कायदा २००५ च्या कलम ७(८) प्रमाणे, अर्ज फेटाळणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला कारणं, अपिलाची मुदत आणि अपील कुणाकडे करायचं, या तिन्ही गोष्टी लेखी कळवाव्या लागतात. माझ्या गावचा ग्रामसेवक, शौचालयाच्या यादीची नक्कल नाकारताना, मला अपिलाचा पत्ता देतो. त्याला कुणी सल्लागार म्हणत नाही. फौजदारीत कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यावी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कलम ४०४ मध्ये कायम आहे. चोराला मिळतं ते बहिणीला का नको?

दुसरा : उशीर झाला तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली माफी मिळतेच की. मिळते, कधी कधी. सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली कातिजी प्रकरणात म्हटलं आहे की उशीर करून पक्षकाराचा सहसा काही फायदा होत नसतो, तेव्हा अशा अर्जांकडे उदारपणे पाहावं. पण माफी मागायला लागणं हीच शिक्षा आहे, साहेब. माझ्या अर्जावर आतापर्यंत अकरा तारखा झाल्या. मूळ अपिलाला अजून नंबरसुद्धा नाही. दरवेळी समोरचे वकील उभे राहून म्हणतात, कायद्याचं अज्ञान ही सबब होऊ शकत नाही. मी मान खाली घालून ऐकते. मग मनात येतं, ज्या कायद्याचं ज्ञान खिडकीला नव्हतं, वकिलाला नव्हतं, त्याचं अज्ञान तेवढं माझ्याच नावावर का लिहितात?

आणि तुम्हाला दिवस मोजता येतात, मनात आणलं तर सोडूनही देता येतात, हे आम्ही पाहिलंय. करोनाच्या काळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला. एका आदेशानं देशभरच्या पक्षकारांचा जीव भांड्यात पडला. मी त्याहून फार लहान गोष्ट मागते आहे. तिला नवा कायदा लागत नाही, संसद लागत नाही. एक रबरी शिक्का आणि शाईचं पॅड लागतं.

माझ्या मागण्या अशा :

निकालपत्राच्या शेवटी, आदेशाच्या खाली, मराठीत लिहावं की या निकालातला कोणता भाग अपिलासाठी आजच शेवटचा आहे. वाटपाच्या दाव्यात मिळकतवार लिहावं : गट अमुक, फेटाळला, गट तमुक, जिल्हाधिकाऱ्यांकडे, घर, प्राथमिक हुकूमनामा. त्यापुढे अपील कोणत्या कोर्टात आणि किती दिवसांत. दाव्याच्या किमतीवरून ते ठरतं, आणि ती किंमत तुमच्याच फाइलवर असते.

नकलेचा अर्ज निकालाच्या दिवसापासून कुणालाही, कधीही देता आला पाहिजे, हुकूमनामा बांधलेला असो वा नसो. खिडकीवर ‘नंतर या’ म्हणायचं असेल तर अर्ज घेऊन, तारीख टाकून, पावती देऊन म्हणा.

हुकूमनामा पंधरा दिवसांत बांधा. जिथे जमलं नाही तिथे किती दिवस लागले हे नकलेवर लिहा. अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली, असे तीन शेरे नकलेवर असतातच. त्यात हा चौथा.

प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पुढची तारीख त्याच दिवशी द्या.

निकालाच्या दिवशी ज्यांच्याकडे वकील नाही किंवा ज्यांना समजलं नाही, त्यांना तालुका विधी सेवा समितीची खोली दाखवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न विचारता मोफत मदत मिळते. आमच्या कोर्टात ती खोली जिन्याखाली आहे. पाटी आहे, पण दाराला टेकून जुनं कपाट उभं केलंय.

वकील बंधू-भगिनींना वेगळी मागणी नाही, विनंती आहे. तुमच्या वकील संघाच्या हॉलमध्ये कॅरमच्या बोर्डाशेजारी एक भिंत मोकळी असते. तिथे कलम ९७ मराठीत मोठ्या अक्षरात लावा. आणि निकालानंतर पक्षकाराला ‘अभिनंदन’ म्हणायच्या आधी त्याला विचारा, तुम्हाला काय मिळालं नाही?

खंडपीठ आमच्यापासून लांब आहे. जळगावहून निघालं तर अजिंठ्याच्या घाटातून, धुळ्याहून निघालं तर चाळीसगाव-कन्नडच्या घाटातून. १९८१ साली ते झालं तेव्हा निदान मुंबई टळली म्हणून आमच्या आधीच्या पिढीनं सुटकेचा श्वास सोडला होता. पण घाट चढून वर गेल्यावर ‘मुदतबाह्य’ असा शिक्का कागदावर पडायचा असेल, तर तो घाट खालीच, तालुक्याच्या कोर्टात, निकालाच्या दिवशी दाखवून द्या. चढायचा की नाही ते आम्ही ठरवू.

शिक्क्याचा मजकूर मीच करून ठेवला आहे. बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिण्याची सवय, जात नाही. दुरुस्ती सुचवली तर आनंदानं करीन.

“या निकालातील पुढील भाग अपिलासाठी आजच अखेरचा आहे : ________
अपील कोणत्या न्यायालयात : ________
मुदत : आजपासून ____ दिवस. सुट्टीचे दिवस मुदतीत मोजले जातात.
नकलेचा अर्ज आजच द्या. अर्ज दिल्यावर नक्कल तयार होईपर्यंत लागणारे दिवस मुदतीतून वजा होतात.
‘प्राथमिक’ असे लिहिले असले तरी वरील मुदत लागू आहे.
मोफत कायदेशीर मदत : तालुका विधी सेवा समिती, खोली क्र. ____”

माझी पुढची तारीख पोळ्यानंतरच्या सोमवारी आहे. त्या दिवशी या मजकुराच्या छापील प्रती घेऊन मी सकाळी साडेदहापासून नकलेच्या खिडकीजवळच्या बाकावर बसलेली असेन.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तापीकाठ, जिल्हा जळगाव